मोडीचा हंडा आणि ओळखीचा प्रश्न

जुनी वस्तू विकावयास आलेल्या माणसाला दुकानदार दोन प्रश्न विचारतो. ही वस्तू कुणाची? आणि तू कोण? वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच वाटतात. चोरीचा माल बाजारात खपू नये एवढाच त्यांचा हेतू आहे असे कायदा सांगतो, आणि तो हेतू वाईट आहे असे कुणीही म्हणणार नाही. पण आपल्या समाजात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वीच दुसरा प्रश्न विचारला जातो, आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचे उत्तर ठरवले जाते. हे कसे घडत आले याला इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांचा इतिहास नव्हे. आपल्या घरातील भांड्याकुंड्यांचा आणि अंगावरील कपड्यांचा आहे. म्हणूनच तो कुणी लिहिला नाही.

निमित्त घरगुती आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातील एक पितळी हंडा मोडीत द्यावयाचे आईने ठरवले. बूड झिजून त्याला भोक पडले होते. मी तो परभणीच्या बाजारातील एका दुकानात घेऊन गेलो. हंडा काट्यावर ठेवण्यापूर्वी दुकानदाराने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि मोबाईलमध्ये माझा फोटो काढून घेतला. मी हरकत घेतली नाही. नंतर झेरॉक्सवरील आडनाव वाचून त्याने विचारले, "राहता कुठे?" मी वस्तीचे नाव सांगितले. "हंडा घरचाच का?" तेव्हा मी महाविद्यालयात शिकवतो हे मला सांगावे लागले. सांगताना माझी मलाच लाज वाटली. कारण जो महाविद्यालयात शिकवत नाही त्याने काय सांगावे? माझ्या आधी एका गृहस्थांनी पोतेभर तांब्यापितळेचे सामान मोडीत घातले होते. त्यांचे नावही कुणी विचारले नव्हते. मी ते बोलून दाखवताच दुकानदार अगदी सहज म्हणाला, "ते ओळखीचे आहेत."

पैसे मोजण्याच्या वेळी मी पावती मागितली. तो हसला. "सर, मोडीची कसली पावती?" माझी झेरॉक्स त्याच्या फायलीत होती, माझा चेहरा त्याच्या मोबाईलमध्ये होता, आणि माझ्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. मी हंडा उचलून घरी आणला.

तो दुकानदार दुष्ट होता असे मला म्हणावयाचे नाही. चोरीचा माल सापडला तर पोलीस त्याच्याच दारात येणार हे त्याला ठाऊक आहे. परंतु त्याच्या तोंडून निघालेला शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. मराठीत 'ओळख' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक परिचयाचा, दुसरा पुराव्याचा. ज्याच्याशी परिचय आहे त्याला पुरावा मागितला जात नाही, आणि ज्याला पुरावा मागितला जातो त्याच्याशी परिचय करून घेतला जात नाही. गावाच्या वेशीबाहेर ज्यांची वस्ती ठेवली गेली, ज्यांच्या घरचे पाणी कुणी प्यायले नाही, त्यांची बाजारपेठेशी ओळख कुठून असणार? परिचय नाकारावयाचा आणि मग परिचय नाही म्हणून पुरावा मागावयाचा, असा हा न्याय आहे.

२

जुन्या मालाच्या विक्रीवर देखरेख ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केली. तिच्या चौथ्या अधिकरणात या व्यवहाराची स्पष्ट तजवीज आहे. जुन्या मालाची मालकी निर्विवाद असेल तरच बाजारावरील अधिकाऱ्याने त्याची विक्री वा गहाणवट होऊ द्यावी. वस्तू हरवली वा चोरीस गेली तर त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्यांना वर्दी द्यावी. वर्दी मिळूनही ज्याने वस्तू दडवली तो चोराचा साथीदार. आजच्या पोलीस ठाण्यातून दुकानदारांना ज्या सूचना जातात त्यांचा गाभा याहून फारसा वेगळा नाही. येथवर प्रश्न वस्तूचा आहे.

पण त्याच अधिकरणात, केवळ संशयावरून कुणाला धरावे याचीही यादी दिली आहे. त्या यादीत ज्याच्या कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत सरली आहे असा माणूस आहे. ज्याची मजुरी तुटपुंजी आहे असा माणूस आहे. आणि आपला देश, जात, गोत्र, नाव व धंदा खोटा सांगणारा माणूसही आहे. म्हणजे गरिबी हे संशयाचे एक कारण आणि जात लपवणे हे दुसरे. जात लपवावी का लागते, हा प्रश्न मात्र ग्रंथकाराला पडत नाही. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहावयास जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून राहावे लागले. ते कळताच लाठ्या घेतलेला जमाव चालून आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कौटिल्याच्या यादीप्रमाणे संशयित कोण? नोंदवहीत खोटे नाव लिहिणारे बाबासाहेब. खरे नाव लिहिले असते तर दार उघडले नसते, हे त्या यादीत बसत नाही. ज्या समाजात खरे नाव सांगण्याची शिक्षा मिळते, त्या समाजात नावाची नोंद ही निरुपद्रवी गोष्ट राहत नाही.

मनुस्मृतीने तर हा प्रश्न एकदाच निकालात काढला. दहाव्या अध्यायात चांडाळांविषयी जे नियम आहेत ते लागोपाठ वाचले पाहिजेत. त्यांची वस्ती गावाबाहेर. कपडे मढ्यावरचे. जेवणाची भांडी फुटकी. दागिने लोखंडाचे. देवघेव त्यांनी आपापसांतच करावयाची. रात्री गावात वा नगरात फिरावयाचे नाही. दिवसा कामासाठी यावे, पण राजाज्ञेने ठरवलेल्या खुणा अंगावर वागवीत. आपले अभ्यासक यातील प्रत्येक नियमाचा स्वतंत्रपणे निषेध करतात. मला त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू आणि अंगावरील ओळखीची खूण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला, एकाच ठिकाणी, लागोपाठच्या श्लोकांत दिल्या आहेत. जुनी वस्तू हेच ज्याचे धन, खूण त्याच्या अंगावर. नवी वस्तू ज्याच्या घरात येते त्याला खुणेची गरज नाही. पुढची दोन हजार वर्षे बाजारात जे चालले त्याचे सूत्र येथे आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना जो उपदेश केला त्याचा उल्लेख मात्र कमी होतो. ज्या दागिन्यांवरून आणि लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून अस्पृश्य स्त्री ओळखू येते, ती तऱ्हा आणि ते दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. ग्रंथ जाळणे आणि अंगावरची खूण उतरवणे ही एकाच कार्यक्रमाची दोन अंगे होती.

३

आता आपल्या गावाकडे येऊ. बलुतेदारीच्या व्यवस्थेत महाराच्या घरी नवी वस्तू येण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. मढ्यावरचे कापड, सणावारी मिळालेला जुना धडुता, मेलेल्या जनावराचे कातडे, खळ्यावरचे बलुते. यातील कशालाच पावती नसते. पाटलाने जुने धोतर दिले तर ते दिल्याचा कागद कोण लिहून देणार? हक्काने घेतलेल्या आणि दयेने मिळालेल्या, दोन्ही वस्तूंच्या मागे एकच पुरावा असे, तो म्हणजे गावाची आठवण. आणि गावाची आठवण गावाच्या मर्जीवर अवलंबून होती.

यातील उपरोध असा की, त्याच महाराच्या शब्दावर गावाची शीव ठरत असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष अखेरची मानली जाई. गावात चोरी झाली तर चोराचा माग काढणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. सरकारी वसुलीचा पैसा पोचवताना सोबत त्याची असे. गावाची जमीन कोणती हे सांगण्याइतका तो विश्वासू होता, पण त्याच्या झोपडीतील तांब्या त्याचाच आहे हे सांगण्याइतका विश्वासू नव्हता.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. खालच्या थराला वेठ होती, आणि रोखीच्या व्यवहाराशी गाठ पडली ती मुख्यतः मजुरीमुळे व सावकारीमुळे. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला. पूर्णा, परभणी, सेलू, मानवत या बाजूला कापसाचा व्यापार वाढला. गाव सोडून रुळावर, जिनिंगमध्ये, हमालीवर जाणाऱ्यांच्या हातात प्रथमच नाणे आले. त्या नाण्याने त्यांनी प्रथम काय घेतले? बहुतेकांनी जुने घेतले. आठवडी बाजारात, उरुसाच्या जत्रेत उतरलेल्या कपड्यांचे ढीग मांडले जात. शहरातील घरोघरी फिरून भांड्याच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण आपण सर्वांनी पाहिली आहे. तिने गोळा केलेला कपडा फिरत फिरत अशाच ढिगात येई. तिला दारातच बसवले जाई, घासाघीस केली जाई, आणि ती गेल्यावर घरातील वस्तू मोजल्या जात. जुन्या मालाच्या साखळीत वापरणारा, गोळा करणारी आणि विकत घेणारा हे तीन दुवे. त्यांपैकी खाली असलेल्या दोघांवरच संशय, वरच्यावर नाही.

आमच्या घरातील तो हंडा या साखळीबाहेरचा होता, म्हणून त्याची हकीकत सांगतो. आजोबा रेल्वेच्या रुळावर हंगामी मजुरी करीत. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी, १९५७ साली, त्यांनी पूर्णा जंक्शनच्या बाजारपेठेतून तो नवा विकत घेतला. आमच्या घरात आलेली ती पहिली नवी वस्तू. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेण्याची रीत आहे. त्यांनीही दुकानात बसून नाव घालून घेतले. आपले नाव, गावाचे नाव, आणि खाली 'जयभीम'. १९७२ च्या दुष्काळात तो हंडा सावकाराकडे गहाण पडला. चिठ्ठी नाही, पावती नाही. दोन वर्षांनी आजी पैसे घेऊन सोडवावयास गेली तेव्हा सावकाराने दुसराच, हलका हंडा पुढे केला. आजी म्हणाली, "ह्यो माजा न्हाई. माज्यावर नाव हाय." तिला अक्षर येत नव्हते. पण 'जयभीम'ची अक्षरे तिला बोटाने ओळखता येत होती. चार माणसांसमोर तिने सावकाराच्या खोलीतील भांड्यांवरून हात फिरवला आणि आपला हंडा बाहेर काढला.

या हकिकतीत कौतुकाचा भाग सोडून द्यावा. तिने हंडा मिळवला तो आपण कोण हे सिद्ध करून नव्हे. तसे सिद्ध करावयास ती गेली असती तर हरली असती. हंडा कोणता हे तिने सिद्ध केले. खूण वस्तूवर होती, माणसावर नव्हती. आणि ती खूण राजाज्ञेने घातलेली नसून मालकाने स्वतःच्या हौसेने घातलेली होती. हा फरक लहान नाही.

४

इंग्रजी राज्याने चोरीच्या मालाचा कायदा लेखी केला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा ठरला, आणि असा धंदाच करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली गेली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये ही तरतूद पुढे चालू आहे. दुकानदाराच्या मनातील भीती कोठून येते हे यावरून समजते. या तरतुदीत जातीचा उल्लेख नाही. घेणाऱ्याला माल चोरीचा आहे हे माहीत होते का, किंवा तसे मानण्यास त्याला कारण होते का, एवढेच ती विचारते.

मात्र अकराच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि वस्तूवरून बोट पुन्हा माणसाकडे वळले. आता चोरी कुणी केली हे शोधण्याचे कारण उरले नाही. जन्मानेच चोर ठरवलेल्या जमातींची नोंदवही झाली. हजेरी आली, गाव सोडण्यासाठी परवाना आला. १९११ च्या कायद्याने हे जाळे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरले, १९२४ साली ते आणखी घट्ट झाले. निजामाच्या राज्यानेही हाच कित्ता गिरवला, आणि लंबाडा समाजासारखे फिरते व्यापारी त्यात भरडले गेले. ज्यांचा धंदाच फिरून देवघेव करण्याचा, त्यांची देवघेव हाच पुरावा मानला गेला. घिसाड्याने मोडके लोखंड घेतले तर ते कुठून आले? पारध्याच्या पालात पितळेचे भांडे सापडले तर ते कुणाचे? उत्तर आधीच लिहिलेले होते, प्रश्न केवळ उपचारापुरता. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. भटके-विमुक्त कार्यकर्ते ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतात तो यामुळे. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि जमातीच्या नोंदवहीची जागा व्यक्तीच्या नोंदवहीने घेतली. कागदावर हा बदल मोठा आहे. ठाण्यात तो किती पोचला, हे विमुक्तांच्या वस्तीत जाऊन विचारावे.

याच काळातील दुसऱ्या एका तरतुदीकडे आपले लक्ष गेलेले नाही. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ सालचा. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे तो येथेही लागू झाला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम १२४ चा आशय असा : चोरीची वा लबाडीने मिळवलेली असावी असे मानण्यास कारण आहे अशी वस्तू जवळ बाळगणाऱ्याने, नेणाऱ्याने, विकावयास वा गहाण ठेवावयास काढणाऱ्याने, ती आपल्याकडे कशी आली याचा समाधानकारक खुलासा दंडाधिकाऱ्यापुढे केला नाही तर त्याला शिक्षा होऊ शकते. एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. येथे खुलासा वस्तू बाळगणाऱ्याने करावयाचा आहे. कलमाच्या भाषेत कुणावर अन्याय नाही. पण 'मानण्यास कारण' हे शब्द हवेत राहत नाहीत. ते कुणाच्या तरी मनात राहतात. एकाच्या हातात जुना हंडा दिसला तर तो वाडवडिलांचा वारसा, दुसऱ्याच्या हातात दिसला तर ते संशयाचे कारण. आणि समाधान दंडाधिकाऱ्याचे करावयाचे असले तरी तिथे पोचण्याआधी दुकानदाराचे, शिपायाचे, गल्लीतील चौघांचे समाधान करावे लागते.

पावती नसणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने १९७८ साली पाहिले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलैच्या अखेरीस झाला आणि गावोगाव दलितांची घरे पेटवली गेली. परभणी जिल्हाही त्यात होता. घर जळते तेव्हा घरातील कागदही जळतो. पत्र्याची पेटी, दोन घागरी, एक लुगडे, पायलीभर ज्वारी यांची किंमत पंचनाम्यात लिहावयाची तर पुरावा कोणता? जे होते ते जुने होते, आणि जुन्याची पावती कधीच नव्हती. ज्याच्याजवळ पावती नाही त्याने वस्तू विकावयास काढली तर तो चोर, आणि त्याची वस्तू जाळली गेली तर ती नव्हतीच.

५

म्हणून विक्रेत्याची ओळख विचारूच नये, असे कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. चोरी केवळ श्रीमंताच्या घरी होत नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचा मोबाईल बसस्थानकावर चोरीस गेला. तिच्या आईने कापूस वेचून जमवलेल्या पैशांचा तो होता, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचे सारे काम त्याच्यावरच चाले. लहान शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जाते तेव्हा त्याचे सारे वर्ष जाते. चोरीचा माल घेणारे दुकान बंद झाले तर फायदा गरिबाचाही आहे. नोंद हवी. प्रश्न आहे तो कसली नोंद, कुणाची, आणि तिची प्रत कुणाजवळ, हा.

आज ज्या वस्तूंची मोठी खरेदी-विक्री होते त्यांना स्वतःची ओळख आहे. मोटारसायकलला चासी क्रमांक असतो. मालकी बदलण्याचे नमुने ठरलेले आहेत, आणि जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी अधिकृत नोंदणी करावी असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. चोरीस गेलेला मोबाईल त्याच्या पंधरा अंकी क्रमांकावरून बंद करण्याची सोय मे २०२३ पासून देशभर झाली. आजीने बोटांनी ओळखलेल्या अक्षरांचाच हा वाढीव प्रकार आहे. खूण वस्तूवर आली की माणसाच्या आडनावाकडे पाहण्याची गरज कमी होते. तरीही दुकानात प्रथम मागितला जातो तो माणसाचा कागद.

तो कागद आता बहुधा आधार कार्डाचा असतो. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना केवळ कराराच्या जोरावर आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. दुकानदार ते ऐच्छिक म्हणून मागू शकतो, पण दुसरा पुरावा चालणार नाही असे म्हणू शकत नाही. ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनीसुद्धा माहीत करून घेतलेली नाही. शिवाय त्या कार्डावर केवळ नाव नसते, पत्ता असतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो स्वागतार्हच आहे. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन भीमनगर, समतानगर यावीत असे ठरले. पण भीमनगर हे नाव आपल्याला अभिमानाचे असले तरी वाचणाऱ्याला त्यातून जे कळावयाचे ते कळतेच.

याबाबतीत जपानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तेथे जुन्या मालाचा कायदाही आहे आणि अस्पृश्यताही होती. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे ज्यांच्याकडे होती त्यांना आज बुराकू म्हणतात. जपान सरकारने १८७१ साली फर्मान काढून त्यांचा हीन दर्जा रद्द केला. आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा झाला तेच हे साल. पण १८७२ च्या कुटुंब-नोंदवहीत त्यांच्या नावापुढे त्यांचे मूळ ओळखू येईल अशा नोंदी ठिकठिकाणी राहिल्या. ती नोंदवही लोकांना पाहावयास बंद करावयास १९६८ साल उजाडले. त्यानंतर १९७५ मध्ये उघडकीस आले की, बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात आहेत. नोकरी मागावयास आलेल्याचा पत्ता यादीशी ताडून पाहिला की काम झाले. फर्मानाने जात गेली, ती पत्त्यातून परत आली.

त्याच जपानने १९४९ साली जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी कायदा केला. व्यापाऱ्याला परवाना लागतो, विकणाऱ्याची ओळख पडताळावी लागते, वही ठेवावी लागते. पण काही ठराविक वस्तू सोडल्या तर दहा हजार येनच्या खालच्या व्यवहाराला ही पडताळणी सक्तीची नाही. म्हणजे रद्दी-बाटली विकणाऱ्याच्या मागे हा ससेमिरा नाही. या दोन गोष्टींतून आपण दोन धडे घ्यावेत. नोंद मर्यादित असली पाहिजे, आणि ती दुसऱ्या कामासाठी वापरता येता कामा नये.

ओळखपत्र हे नेहमीच वरून लादलेले असते असेही नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची ही संघटना. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. पोत्यात काय आहे म्हणून त्यांना पूर्वी कुणीही अडवी. संघटनेने त्यांना ओळखपत्रे दिली आणि पुढे पुणे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. येथे ओळखपत्र संशयाचे साधन राहिले नाही. मी चोर नाही, मी कामगार आहे, असे सांगणारा तो कागद झाला. फरक कागदात नव्हता. तो कुणी लिहिला आणि कुणाच्या हातात राहिला, यात होता.

या सर्वांतून जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी उचलण्यासारख्या मागण्या साध्या आहेत. पुरावा मागावयाचा तर सर्वांना मागावा. 'ओळखीचे आहेत' ही सवलत बंद व्हावी. कोणताही एक अधिकृत पुरावा पुरेसा मानावा आणि वस्ती, आडनाव यांची चौकशी करू नये. वहीत माणसाच्या आधी वस्तूचे वर्णन लिहावे : वजन, क्रमांक, वरचे नाव. कागद-बाटली-पत्रा यांसारख्या किरकोळ मालाला या तपासणीतून वगळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याची नोंद घेतली त्याला तिची प्रत मिळावी. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारावर कर्जदाराला हिशेब व पावती देण्याचे बंधन घातलेच होते. जो नियम सावकाराला लावता आला तो मोडीच्या दुकानाला लावता येणार नाही काय? आज पावती मिळाली तर उद्या 'समाधानकारक खुलासा' मागणाऱ्यासमोर ठेवावयास आपल्या माणसाजवळ काहीतरी असेल. एकतर्फी कागद म्हणजे पाळत. दुतर्फी कागद म्हणजे करार.

विद्यार्थ्यांना आणखी एक काम सुचवावेसे वाटते. आपापल्या घरातील जुन्या भांड्यांवरची नावे वाचा. कुणी घेतले, कोणत्या साली, कुठून, गहाण पडले का, सुटले का, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. आपल्या लोकांच्या आर्थिक इतिहासाची दप्तरे सरकारी कचेरीत नाहीत. जी थोडीफार आहेत ती पितळेवर लिहिलेली आहेत आणि रोज मोडीत जात आहेत.

आमचा हंडा सध्या घरातच आहे. आई म्हणते, भोकाचा हंडा ठेवून काय करावयाचे? तिचे म्हणणे खरे आहे, आणि एक दिवस तो मोडीत जाईलच. पण पावती देणाऱ्या दुकानातच जाईल.